कावळ्याला दिलेला शब्द

“कशानं गेले?” गाडी चालू होता होता बापूसाहेबांनी विचारलं.

“नदीला पाणी होतं,” मी म्हणालो.

“म्हणजे बुडाले?”

“नाही. घरीच गेले. छातीत दुखायला लागलं. पण नदीला पाणी होतं.”

बापूसाहेबांनी खिडकीची काच वर केली, थोडा वेळ तिच्यातून बाहेर पाहिलं आणि पुन्हा खाली केली.

“भाषणात अल्पशा आजारानं म्हणू,” ते म्हणाले.

“अल्पशा आजारानं,” मी म्हणालो. माझी नोकरी साधारण अशीच होती.

आमदार नामदेवराव इथापे, म्हणजेच बापूसाहेब, यांच्याकडे मी प्राथमिक शाळेतून तात्पुरता म्हणून आलो होतो आणि निवृत्त होईपर्यंत तात्पुरताच राहिलो. शाळेतली मुलं मला विसरली, त्यात त्यांचं फारसं नुकसान झालं नसावं. बापूसाहेब मात्र अखेरपर्यंत मला ‘मास्तर’च म्हणत.

ते आधी सरपंच झाले, मग सभापती, मग आमदार. मंत्रिमंडळाचा विस्तार व्हायचा म्हटलं की त्यांचं नाव हमखास चर्चेत असायचं. शपथविधीत तेवढं नसायचं. पण तालुक्यात त्यांना कोणी हलवू शकत नव्हतं, आणि त्याचं कारण दशक्रिया. रोज सकाळी आमची गाडी कुठल्या ना कुठल्या घाटावर असायची. “लग्नाला नाही गेलो तर माणूस रुसतो, मास्तर,” ते म्हणत, “पण दहाव्याला नाही गेलो तर तो मतदान करतो.” घरच्यांच्या खांद्यावर हात ठेवण्याची त्यांची एक रीत होती. हात ठेवायचा, किंचित दाबायचा आणि काही म्हणजे काही बोलायचं नाही. त्या एका हातावर त्यांनी निवडणुका काढल्या होत्या.

हे सगळं नाटक होतं, असं मी म्हणणार नाही. नट प्रयोग संपला की तोंड धुतो. बापूसाहेबांना तेवढी सवड कधी मिळालीच नाही.

त्या दिवशी आम्ही कोळसरच्या सखाहरी दरंदल्यांच्या दहाव्याला निघालो होतो. सखाअण्णा बापूसाहेबांच्या पहिल्या निवडणुकीपासूनचे. पद मागितलं नाही, मुलाला नोकरी मागितली नाही. गावच्या पारावर कोणी बापूसाहेबांचं नाव वाकडं घेतलं की अण्णांची काठी आधी उठायची आणि मग अण्णा. असा माणूस प्रत्येक पुढाऱ्याला हवा असतो, आणि असल्यावर तो पुढाऱ्याच्या लक्षात राहत नाही.

“शेवटचं काय मागितलं होतं त्यांनी?” बापूसाहेबांनी विचारलं. हा प्रश्न ते प्रत्येक मयताबद्दल विचारायचे.

“पूल.”

“ते तर सगळं गावच मागतं. स्वतःसाठी?”

“स्वतःसाठी काही नाही.”

कोळसर मुळकी नदीच्या पलीकडे, आणि रस्ता, दवाखाना, शाळा, बाजार अलीकडे. पावसाळ्यात नदी फुगली की गाव आपलं आपल्यापाशीच राहायचं. पूल प्रत्येक निवडणुकीत होणार होता. विशेष म्हणजे त्या उन्हाळ्यात तो खरोखरच मंजूरही झाला होता. पण बापूसाहेबांचे व्याही नदीच्या खालच्या अंगाला साखर कारखाना काढत होते, आणि कारखान्याला ऊस आणायचा तर पूल तिथे हवा. एका दुपारच्या जेवणात, बासुंदीच्या वाटीनंतर, पूल खाली सरकला. नकाशावर बोटभरच.

“गावात कळलंय का ते?” बापूसाहेबांनी समोर बघतच विचारलं.

“अजून नाही.”

“निवडणूक होईस्तोवर नको कळायला.”

गाडी घाटावर थांबली. घाट नदीच्या अलीकडच्या काठाला होता, फरशी घातलेला, पायऱ्यांचा, वर पत्र्याची शेड. हा घाट बापूसाहेबांच्याच आमदार निधीतून झाला होता. मुळकी नदीवर त्यांनी एवढं मात्र बांधलं होतं. कोळसरची माणसं पलीकडून गुडघाभर पाण्यातून येत होती. पुरुषांची धोतरं वर खोचलेली, बायकांनी एकमेकींचे हात धरलेले. बापूसाहेब स्वतः कधी पलीकडे गेले नव्हते. सभा असली तरी ती अलीकडे व्हायची आणि गाव ऐकायला यायचं.

“बापू आले, बापू आले,” म्हणत लोकांनी वाट केली. सखाअण्णांचा मुलगा उत्तम डोकं भादरून बसला होता. बापूसाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. उत्तम रडला. बाजूला सगुणाबाई, अण्णांच्या मंडळी, डोक्यावरून पदर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी बापूसाहेबांना पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलल्या ते हे:

“पाण्यापावसाचं कशाला यायचं, बापू? तुमाला किती कामं.”

बापूसाहेबांनी हात जोडले.

विधी आटोपले. गुरुजींनी पिंड पायरीवर ठेवला, माणसं मागे सरली आणि सगळे शेडच्या पत्र्याकडे बघायला लागले. तिथे एक कावळा बसला होता. पत्र्याला लावलेल्या पाटीवर ‘आमदार नामदेवराव इथापे यांच्या स्थानिक विकास निधीतून’ असं लिहिलं होतं आणि कावळा बरोबर ‘विकास’वर होता.

तो काही हलेना.

“अण्णा, आईला अंतर देनार न्हाई,” उत्तम म्हणाला. कावळ्याने मान तिरकी केली. बसून राहिला.

“तुमच्या मंदीच्या पोरीचं लगीन आपुन करू,” एक मेहुणा म्हणाला. काही नाही.

मग अण्णांचे धाकटे भाऊ दगडू पुढे झाले. दोघा भावांचं बांधावरून जुनं भांडण होतं, बोलणं बंद होतं. दगडू पिंडासमोर उकिडवे बसले, घसा खाकरला आणि मोठ्याने म्हणाले, “दादा, बांध सोडला. तू म्हनशील तिथं बांध.” गर्दीतून हुंदके आले. कावळा उडाला, सगळ्यांच्या माना फिरल्या, आणि तो बाभळीच्या फांदीवर जाऊन बसला. दगडूंच्या चेहऱ्यावर, बांध उगाच सोडला की काय, असा भाव आला; पण आता गाव साक्षीला होतं.

गुरुजींना पुढे आणखी एक दशक्रिया होती. ते हळूच म्हणाले, “उशीर होतोय. दर्भाचा कावळा करून शिववू का?”

“थांबा वो गुरुजी,” एक म्हातारा म्हणाला. “अण्णाचा जीव कशात हाय, सगळ्यांला म्हाईत हाय.”

“कशात?”

“पुलात.”

एवढं बोलून म्हाताऱ्याने बापूसाहेबांकडे पाहिलं. मग त्याच्या शेजारच्याने पाहिलं. मग सगळ्या घाटानेच पाहिलं.

बापूसाहेबांनी त्यांच्या आयुष्यात किती वेळा हा पूल दिला असेल, सांगता येत नाही. तो देताना त्यांना कधी अडखळताना मी पाहिलं नव्हतं. पण पिंडासमोर जायला म्हणून ते उठले आणि पुढे व्हायच्या आधी त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पूल सरकल्याची गोष्ट चार माणसांना माहीत होती. बापूसाहेबांशिवाय त्यातला मी एकटा घाटावर होतो. मी नदीकडे बघायला लागलो. नदी मला तेव्हा फार बघण्यासारखी वाटली.

बापूसाहेबांनी चपला काढल्या. पिंडासमोर उभे राहून हात जोडले.

“सखाअण्णा,” ते म्हणाले, “पुलाचं माझ्यावर सोड.”

कावळा चोच फांदीवर घासत राहिला.

“बापू, नीट सांगा,” म्हातारा म्हणाला. “मोघम चालत न्हाई त्याला.”

“अण्णा, पूल होणार,” बापूसाहेब म्हणाले.

“कवा ते सांगा.”

“निवडणूक झाली की लगेच. नारळ मी स्वतः फोडणार.”

कावळा नाही हलला. सभेत समोरचा माणूस गप्प राहिला तर त्यांना काय करायचं ते ठाऊक होतं: आवाज वाढवायचा. त्यांनी तेच केलं.

“पूल होणार, आणि साधा नाही होणार! दोन गाड्या शेजारून जातील असा होणार. कठडे होणार. दिवे लागणार. आणि अण्णा, त्या पुलाला सखाहरी दरंदले पूल असं नाव देणार! हा नामदेव इथाप्याचा शब्द आहे!”

सवयीने एक-दोघांनी टाळ्या वाजवल्या आणि आपण कुठे आहोत हे ध्यानात येऊन थांबले.

कावळ्याने फांदीवरच अंग फिरवलं आणि आमच्याकडे पाठ केली.

तेवढ्यात मागून विरोधी पार्टीच्या पोपट खामकरचा आवाज आला. फार मोठ्याने नाही, शेजाऱ्याला सांगावं तसा.

“बापूंचा शबुद त्याला बी म्हाईत झालाय.”

आधी एक हसलं. मग तिघे-चौघे. हसू दाबायला गेलं की जास्त फुटतं. उपरणी तोंडाला लागली, खांदे हलायला लागले. दहाव्याच्या घाटावर, मुंडन केलेल्या पोरासमोर, माणसं हसत होती, आणि मध्ये बापूसाहेब हात जोडून उभे होते. त्यांना ते हात खालीही घेता येईनात. एवढा मोठा माणूस, पण त्या वेळी वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरासारखा दिसत होता. मी आपला नदीकडेच बघत होतो.

“कोन हसलं?”

सगुणाबाई उठल्या होत्या. दहा दिवसांत त्या कोणाशी धड बोलल्या नव्हत्या, असं नंतर कळलं.

“कोन हसलं म्हन्ते मी? पोपट, तू हसला? तुझ्या बापाच्या दहाव्याला हे बापू चिखलातून आले व्हते. तवा हसला न्हाईस त्ये?”

पोपटने मान खाली घातली.

सगुणाबाई पिंडाशी आल्या. बापूसाहेबांना त्यांनी हाताने बाजूला केलं, वाटेतलं लेकरू बाजूला करावं तसं. मग खाली बसल्या आणि नवऱ्याशी बोलल्या. घाटाला ऐकू जावं म्हणून नव्हे. घरात बोलतात तेवढ्याच आवाजात.

“आवं, ऐका. पुलाचं न्हाई तुमच्या मनात, मला म्हाईत हाय. पूल काय, व्हईल न्हाईतर न्हाई व्हनार. तुमाला घोर हाय तो निराळा. मी गेल्यावर पारावर बापूंच्या बाजूनं कोन बोलंल, हेच म्हनत व्हता ना शेवटाला? छातीवर हात दाबून तेच म्हनत व्हता.” त्या थांबल्या. पदराने नाक पुसलं. “मी हाय. बापूंला कुनी खोटं म्हननार न्हाई. मी म्हनू द्यायची न्हाई. आता या.”

कावळा फांदीवरून उतरला. पायरीवर दोन उड्या मारल्या आणि पिंडाला शिवला.

घाटावर सगळीकडून “शिवला, शिवला” झालं. माणसांनी हात जोडले. दगडू भोकांड पसरून रडायला लागले. पोपट खामकरनेसुद्धा टोपी काढली. फक्त बापूसाहेब जिथे सगुणाबाईंनी त्यांना सरकवलं होतं, तिथेच अनवाणी उभे होते.

मग भाषणं. आमच्याकडे कावळा शिवल्याशिवाय माईक लावत नाहीत आणि शिवल्यावर काढत नाहीत. सरपंच बोलले, सोसायटीचे चेअरमन बोलले. शेवटी आमदारसाहेब. बापूसाहेब माईकसमोर गेले. अशा वेळी ते पाऊण तास बोलत. मी मनातल्या मनात पुढच्या गावाला उशीर होणार हे धरून चाललो होतो.

“सखाहरी दरंदले,” ते म्हणाले, “अल्पशा…”

तिथे थांबले. माईक खरखरत राहिला.

“सखाअण्णा गेले,” ते म्हणाले. “नदीला पाणी होतं.”

आणि खाली बसले.

लोकांना ते फार भिडलं. “बापूंचा गळा दाटून आला,” असं गाडीपर्यंत येईतो मी निदान पाच-सहा जणांकडून ऐकलं. “आमदार असावा तर असा. बोलताच येईना बिचाऱ्याला.” पोपट खामकर गाडीचं दार उघडून उभा होता. “बापू,” तो म्हणाला, “चुकलं आपलं.”

बापूसाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही.

बराच रस्ता गेल्यावर ते बोलले.

“मास्तर.”

“जी.”

“ते पुलाचं. माघारी घेता येईल का?”

“मुंबईला बोलावं लागेल.”

“मुंबईचं बघता येईल.”

“व्याह्यांशी बोलावं लागेल.”

बापूसाहेबांनी काच वर केली. त्यांची मुलगी त्या घरात नांदत होती, आणि तिला पहिल्यांदाच दिवस गेले होते. पुढच्या गावी एक पोलीस पाटील वारले होते. तिथे कावळा लगेच शिवला.

त्यांनी तो विषय पुन्हा एकदाच काढला, एका संध्याकाळी, चहा घेताना. “मास्तर, ती बाई,” असं म्हणाले आणि पुढे बशीत बघत राहिले. मी वाट पाहिली. मग कोणीतरी भेटायला आलं. पुढच्या आठवड्यात आचारसंहिता लागली. आचारसंहितेत पूल हलवता येत नाही. ना इकडे, ना तिकडे. आम्हा दोघांनाही त्याने बरं वाटलं असावं. निदान मला तरी वाटलं.

ती निवडणूक बापूसाहेबांना जड गेली. समोर विरोधी पार्टीकडून लगडांचा पोरगा होता, शिकलेला, पैशावाला. त्यातून पूल सरकल्याची गोष्ट प्रचारात फुटली. लगडांच्या माणसांनी कोळसरात जाऊन ती घरोघर सांगितली. नकाशा दाखवला म्हणतात.

मला आमच्या कार्यकर्त्यांकडून पुढचं कळलं. सगुणाबाई संध्याकाळी पारावर गेल्या. त्या गावात बाई पारावर चढत नाही. त्या चढल्या, अण्णांची काठी घेऊन, आणि अण्णा बसायचे तिथे बसल्या.

“ते कागद दाखवत्यात,” एक जण म्हणाला. “मावशी, कागदावर हाय.”

“आसंल.”

“मग बापू खोटं बोलले, न्हाई का?”

“म्या शबुद दिलाय,” सगुणाबाई म्हणाल्या. “कुनाला ते तुमी सगळ्यांनी बघितलंय. कावळा शिवलेला बघितलाय का न्हाई? मग आता म्हना, कोन म्हनतंय बापूंला खोटं.”

कोणी म्हणालं नाही. जो शब्द ऐकून कावळा शिवला, तो मोडायची त्या गावात कोणाची छाती नव्हती. मतपेट्या उघडल्या तेव्हा कोळसरची पेटी शेवटी आली. तोवर बापूसाहेब मागे होते. कोळसरने त्यांना निवडून आणलं.

मी ही बातमी सांगायला आत गेलो तेव्हा ते हरण्याची तयारी करून, शांत झोपल्यासारखे डोळे मिटून बसले होते.

“कुठल्या गावानं?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

“दुसरं कुठलं नाही?”

“नाही.”

विजयाची मिरवणूक आधी कुठे न्यायची याबद्दल कार्यकर्त्यांच्यात वाद नव्हताच. बापूसाहेब म्हणत होते, अंग मोडून आलंय, उद्या बघू. कोणी ऐकलं नाही. गुलालाने लाल झालेल्या गाड्या मुळकीच्या काठाला लागल्या तेव्हा पलीकडे अख्खं गाव उभं होतं. परतीच्या पावसाने नदी वाढलेली, मांडीइतकं पाणी. हलगी वाजत होती.

“इथूनच नमस्कार करतो,” बापूसाहेब म्हणाले. “कशाला त्यांना त्रास.”

पण कोळसरची पोरं पाण्यात उतरलीसुद्धा. पोपट खामकर सगळ्यात पुढे. त्यांनी बापूसाहेबांना उचललं आणि खांद्यावर घेतलं.

“सोडा. खाली सोडा मला. मी चालत येतो,” बापूसाहेब म्हणत होते.

“बापू चालत यायचं म्हन्त्यात!” पोपट ओरडला. “ह्याला म्हन्त्यात आमदार! बापू आगे बढो!” आणि त्यांनी त्यांना आणखी वर उचललं.

मी मागून पँट वर करून पाण्यातून चाललो होतो. पाण्याला ओढ होती. बापूसाहेब माझ्यासमोर चार खांद्यांवर तरंगत होते, दोन्ही हात जोडलेले, गळ्यात हार, आणि तोंड असं की कोणी पाहिलं असतं तर घाबरलं असतं. पण खालची माणसं पाण्याकडे बघत होती आणि काठावरची गुलालाकडे. “खाली सोडा,” ते अजून म्हणत होते. ते हलगीत कोणाला ऐकू गेलं नाही.

पलीकडे गेल्यावर त्यांना अगदी काठाला उतरवलं. जमीन लागली तेव्हा ते जरा हेलकावले. सगुणाबाई औक्षणाचं ताट घेऊन पुढे आल्या. कपाळ मोकळं होतं म्हणून त्यांनी ताट सुनेच्या हातात दिलं आणि स्वतः मागे सरल्या. सुनेने ओवाळलं. मग सगुणाबाईंचं लक्ष खाली गेलं. बापूसाहेबांच्या बुटांवर नदीचे दोन-चार शिंतोडे उडाले होते.

त्या वाकल्या. पदराचं टोक घेऊन त्यांनी ते शिंतोडे पुसले.

“पाय भिजलं न्हाईत न्हवं, बापू?” त्यांनी विचारलं.

बापूसाहेबांनी पाय मागे घ्यायला पाहिलं. मागे नदी होती.